टॉकीज लाईनमधला जपानी भात

राईस मिलच्या मागं भुशाचा ढीग असतो, तो कोणी मुद्दाम घातलेला नसतो. मिल चालते, भुसा पडतो, आणि एक दिवस पाहावं तर त्याच्यावर बकऱ्या चढलेल्या! भोजनालय चालवणाऱ्याच्या घरी किस्से असेच जमतात. मी काही लिहिणारा माणूस नाही. चौथीत मास्तरनं कान पिळला, तेव्हापासून शाळेच्या बाजूनं रस्तासुद्धा बदलून जात होतो. पण हल्ली जो उठतो तो मला जपानी जेवण काय असते हे समजावून सांगतो. पोरं सांगतात, पेपरवाले सांगतात, एक जण तर मोबाईलमध्ये दाखवून सांगतो. अरे, गोंदियाच्या टॉकीज लाईनमध्ये जपानी माणसाला पहिला घास घालणारे आम्ही. आम्ही म्हणजे मी, उरकुडा, आणि माझी बायको सेवंता. तुमचे मॉल झाले नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. बसा आणि ऐका.

* * *

नव्व्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या भोजनालयात फोन नव्हता. बाजूच्या एसटीडी बूथवाल्यानं ओरडून सांगितलं की लॉजवरून निरोप आहे, मिलचे पाहुणे ताकाडे साहेब उतरले आहेत, डबा पाठवा.

ताकाडे म्हणजे आपल्याच इकडचा कोणी, तिरोड्याकडचा असेल, असं मी धरलं. सेवंताला म्हटलं, आपला माणूस आहे, हात आखडू नको. तिनं लाखोरीच्या डाळीचं वरण केलं, वांग्याच्या भाजीवर दोन बोटं तर्री आणली, ठेचा बांधला. डबा मीच घेऊन गेलो.

दार उघडलं तर समोर एक बुटका, गोरा, बारीक डोळ्यांचा माणूस. अंगात बनियान, कमरेला लॉजचा टॉवेल.

मी विचारलं, "ताकाडे?"

तो म्हणाला, "हाय. ताकादा."

मला वाटलं, बिचाऱ्याचं काही दुखून राहिलं. मी म्हटलं, "हाय हाय करू नका जी. दोन घास खाऊन घ्या, बरं वाटंल."

तो पुन्हा "हाय" म्हणाला आणि कमरेत वाकला. मी घाबरलो. पोटात कळ आली असं समजून त्याला धरायला गेलो, तेवढ्यात मागून मिलचे मुनीमजी आले. ते म्हणाले, "अरे उरकुडा, छोड उनको. मशीन बिठाने आए हैं. जापान के हैं."

मी मुनीमजींकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं.

"जापानात ताकाडे कधी गेले?"

* * *

डबा परत आला. वांगं जसंच्या तसं. वरण अर्धं. ठेच्याला बोट लावलेलं दिसत होतं, एकदाच. पण भाताचा डबा असा पुसून खाल्लेला की घासायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: तोच भात पाठवा.

मला वाटलं तक्रार आहे. कारण त्या दिवशी भात बिघडला होता. आमच्या झाडीपट्टीत भात म्हणजे दाणा दाण्याला ओळखत नसला पाहिजे, असा मोकळा. पाहुण्याला जुना तांदूळ घालायचा, नवा नाही. नवा तांदूळ शिजला की चिकटतो, गोळा होतो, आणि चिकट भात वाढला म्हणजे पाहुण्याचा अपमान. त्या दिवशी जुनं पोतं संपलं होतं आणि सेवंतानं माहेरच्या, चिचगडच्या नव्या धानाचा भात टाकला होता. मी तिला त्यासाठी बोललोही होतो.

आता हे सेवंतासाठी नवीन नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं असा भात केला होता. चिचगडला जंगलात राहणारी माणसं, धान निघालं की खातात, जुनं व्हायची वाट कोण पाहते? माझ्या मायनं ताटात बोट रोवून म्हटलं होतं, "हा भात टॉकीजवाल्याले नेऊन दे. पोस्टर चिकटवाच्या कामी येईल." त्यावर सगळं घर हसलं होतं. मीही हसलो होतो. खोटं कशाला सांगू.

तर मी लॉजवर गेलो, खातरी करायला. ताकादा साहेबानं दोन बोटांत भाताचा गोळा उचलून दाखवला, डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. शब्द एक नाही. पण तेवढं कळायला काय शाळा लागते?

मी येऊन सेवंताला सांगितलं. तिनं भिंतीवरच्या माझ्या मायच्या फोटोकडे पाहिलं, पदर खोचला आणि नव्या तांदळाचं पोतं पुढं ओढलं.

* * *

आता मुनीमजी कोण ते नीट सांगतो, कारण पुढं ते येत राहतील.

मिलमध्ये हयात गेलेला माणूस. पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि तांदळाचं असं ज्ञान की बाप्पा रे! मूठभर दाणे तळहातावर घेणार, फुंकर मारणार, एक दाणा पुढच्या दातानं 'कट्' फोडणार आणि सांगणार, हा धान अमक्या तलावाखालचा, आठ दिवस आधी कापला, उन्हात कमी पडला. कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही.

मी लॉजवर जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ताकादा साहेब डबा सोडून आमच्याच बाकावर येऊन जेवू लागला. मिलच्या शेठनं मुनीमजींना हुकूम केला होता, पाहुण्याला एकटं सोडायचं नाही. म्हणून ते रोज संगं येत. साहेब आत बसायचा. मुनीमजी दाराजवळच्या बाकड्यावर, आपल्या घरची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन.

सेवंता म्हणायची, "मुनीमजी, तुमीबी बसा ना जी."

"नहीं बाई, घर से खाकर आया."

रोज तेच. एकदा तर साहेबाला नागपूरहून घेऊन आले, गाडीतून उतरून सरळ आमच्या दारात. घर पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी "घर से खाकर आया!"

आम्ही कोण, हे साऱ्या टॉकीज लाईनला ठाऊक होतं. मिलच्या आळीतला एक माणूस तोवर आमच्या पायऱ्या चढला नव्हता. पण गंमत पाहा. मुनीमजी निघताना पोत्याजवळ थांबायचे. सेवंतानं पोत्यातून ओंजळभर तांदूळ काढायचा, त्यांनी तिच्या हातून चिमूट घ्यायची आणि 'कट्'. "वाह. चिचगड?" असं म्हणायचे. तिच्याच हातचा दाणा, तोंडात घालून!

एका संध्याकाळी सुपात तांदूळ पाखडता पाखडता सेवंता म्हणाली, "तांदूळ कच्चा हाय तवर कोनाचाच नसते. पानी घातलं का त्याले जात लागते."

मी म्हटलं, उद्या त्यांना हात धरून बसवू काय? ती म्हणाली, "नाई. मी आग्रह करनार नाई आता. त्या मानसाले भात कळते. तो माह्या हातचा भात खाईन, पन मागून खाईन. मागंल तवाच वाढीन."

बाकी सारं शहर गेलं खड्ड्यात. तिचा हट्ट ह्या एका माणसावर येऊन थांबला. पुढं वर्षामागून वर्षं गेली, ती "बसा" म्हणाली नाही आणि ते बसले नाहीत.

* * *

ताकादा साहेब वर्षा-दोन वर्षांनी यायचा, मशीन तपासायला. तांदळातला काळा दाणा फुंकून बाहेर काढणारी मशीन होती ती. एका वर्षी त्याच्यासंगं दुभाषा होता. त्या वर्षी साहेबाचं लक्ष आमच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे गेलं. त्यानं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, हात जोडले, मग बोट माझ्याकडे केलं. दुभाष्यानं विचारलं, तुम्हीपण? कधीपासून?

मी म्हटलं, छप्पन सालापासून. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो.

साहेब म्हणाला, त्याच्या घरात कधीपासून ते मोजायलाच येत नाही, पणजोबाच्या पणजोबापासून.

बाकड्यावरून मुनीमजी हसले. "मतलब उरकुडा, ये पुराना चावल है, तू नया."

मला राग आला. पण राग आला की माझं डोकं चालते, हा माझा गुण आहे.

मी म्हटलं, "हाव मुनीमजी. नवे आहो, म्हणूनच घट्ट चिकटून आहो."

दुभाष्यानं हे जपानीत सांगितलं. साहेब इतका हसला की त्याला ठसका लागला. मुनीमजींनी बाटलीचं झाकण उघडलं, दोन घोट पाणी प्याले आणि बंद केलं.

* * *

एकदा साहेबाच्या जेवायच्या काड्या आगगाडीत राहिल्या. हातानं खायला तयार होता बिचारा, पण माझाच जीव मानेना. मी बुरडाकडे गेलो. टोपल्या, सुपं विणणारा माझ्याच वयाचा माणूस, माझ्याहून तिरसट.

म्हटलं, बांबूच्या दोन बारीक काड्या कर, वीतभर.

"कशाले?"

"जेवाले."

तो म्हणाला, "जेवता जेवता कुत्रं हाकलाले का?"

मी समजावलं की ह्या दोन काड्यांत धरून भात तोंडात घालतात. त्यानं कोयता खाली ठेवला. "अन् हात कशाले देले त्यायले?"

पण काम कसं केलं म्हणता! पेर न येईल असा बांबू शोधला, घासून घासून गुळगुळीत केला, टोकं अशी निमुळती की सुईनं हेवा करावा. साहेबानं त्या काड्या उन्हात धरून पाहिल्या. जाताना वीस जोड बांधून घेऊन गेला, घरच्यांसाठी.

बुरडाला मी सांगितलं तर तो सूप विणता विणता मान वर न करता म्हणाला, "म्हंजे गोंदियाचा बांबू जपानात भात खाऊन राहिला."

* * *

मग ती हवा सुटली.

टॉकीज लाईन बदलली. एका टॉकीजच्या जागी तीन पडद्यांचं थेटर झालं, बाजूला मॉल झाला, खाली व्हिडिओ गेम, वर आईस्क्रीम. संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही. आणि कॉलेजच्या पोरापोरींना टीव्हीवर पाहून पाहून एकच पाहिजे. जपानी! कोणी म्हणे, गोंदियात एकही जपानी रेस्टॉरंट नाही, काय शहर आहे. जणू काही ह्यांची आजी ह्यांना जपानी भरवत होती.

मागणी आली तसा माल आला. चायनीजच्या गाडीवाल्यानं पाटीवर मधेच एक शब्द घुसवला: 'ओरिजनल जापानी चायनीज'. मी त्याला विचारलं, दोन्ही देशांची भांडणं लावतो काय बे? तो म्हणाला, "चाचा, पब्लिक डिमांड है."

कुल्फीवाल्यानं लिहिलं 'जापानी कुल्फी'. मी घेतली. आपली नेहमीचीच कुल्फी, मटक्यातली. म्हटलं, ह्यात जपानी काय आहे?

तो म्हणाला, "दो काडी है ना."

मग मीही पेंटर बोलावला आणि लिहून घेतलं: 'येथे दहा वर्षांपासून जपानी भात मिळतो'. खोटं एक अक्षर नव्हतं. नव्या तांदळाचा भात, लाखोरीचं वरण, मोहरीच्या पानांची भाजी आणि बुरडाच्या काड्या. तुटून पडली पोरं. एक पोरगा मात्र चष्मा सावरत आला आणि म्हणाला, अंकल, जपानी लोक तो कच्चा मासा खातात, तो पाहिजे.

मी म्हटलं, "कच्चाच खायचा तर मी कायले पाह्यजे? तलावावर जा अन् तोंड उघडून बस."

पण एक सांगतो. त्या गर्दीत मिलच्या आळीतली पोरं होती. ज्यांच्या बापांनी आमची पायरी कधी चढली नाही, ती पोरं आमच्या चुलीवरचा भात बोटं चाटून खात होती. आमच्या नावानं तीस वर्षांत त्या आळीतलं कोणी आलं नव्हतं. जपानच्या नावानं आले. सेवंताला मी म्हटलं, पाटीवर आपलं नाव मोठं लिहू काय? ती म्हणाली, लिहा, पण भाताच्या खाली. भातापेक्षा मोठं नको.

* * *

आता माझी फजिती सांगतो. लोकांच्या सांगितल्या, माझी लपवली तर बरं नाही.

हिवाळ्याचे दिवस. एक तरुण आला. बारीक डोळे, गोरा, पाठीवर गठुडं. मला वाटलं, मिलवाल्यांचा नवा साहेब आला, नाहीतर नागझिऱ्याला वाघ पाहायला जाणारा कोणी. मी त्याला पुढच्या टेबलावर बसवलं, पंखा बंद केला, कमरेत वाकून "हाय" म्हटलं. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो', एवढ्या वर्षांत तेवढं शिकलो होतो. ताट वाढलं. वरण नाही, भाजी बाजूला, नुसता भाताचा गोळा, काड्या दोन. ताकादा साहेबाची हीच रीत होती.

त्या तरुणानं हातानं एक घास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मामा, वरन टाका ना जी. कोरडा भात घशात अटकून राहिला. अन् ह्या काड्या कायले देल्या? दात कोराले?"

गोठणगावच्या तिबेटी वस्तीतला होता तो. स्वेटर विकायला आलेला. मी म्हटलं, तू जपानचा नाही काय? तो म्हणाला, "तिथंच गोठणगावले जन्मलो. धान रोवतो. तुमी कुठचे?"

म्हटलं, इथलाच, बाजूच्या फुलचूरचा.

"मंग झालं तर. आपुन दोघंबी जपानचे."

* * *

पुढं मॉलमध्ये नागपूरच्या पार्टीनं खरंखुरं जपानी रेस्टॉरंट काढलं. लाल कंदील, काळी टेबलं, पाण्याचा कारंजा. आत शिरलं की माणूस आपोआप हळू बोलायचा. शेफ तरुण, टोपी डोक्याच्या दुप्पट. तांदूळ कुठला? आमच्या मुनीमजींच्या मिलचा. एवढं मोठं हॉटेल म्हणून मुनीमजींनी स्वतः निवडून दिला. लांब दाणा, दोन वर्षं जुना, सुगंधी. राजाच्या पंगतीत वाढावा असा.

झालं काय, की शेफ समुद्री पाल्यात भात गुंडाळून वळकट्या करायचा, कापून ताटात ठेवायचा आणि गिऱ्हाईकानं उचलली की साऱ्या वळकटीचा भात टेबलावर! लग्नात अक्षता उडाव्या तसा. पोरीबाळी ओढणी झटकत बाहेर यायच्या. शेफ म्हणे तांदूळ खराब. पार्टीनं शेठकडे तक्रार केली. मुनीमजींच्या निवडीला कोणी खराब म्हणायची ती पहिलीच वेळ.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुनीमजी आमच्या दारात. संगं साहेब नाही, कोणी नाही. बाकड्यावर बसले. बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मग सेवंताला म्हणाले, "बाई, एक बात पूछनी थी."

तांदळाची गोष्ट त्यांनी तोवर कोणाला विचारली असेल असं मला वाटत नाही.

सेवंता म्हणाली, नवा द्या, जाडा द्या, आणि शेफला सांगा धुताना हात राखून धू.

"जाडा, नया? मॉल में? मेरी नाक कटेगी."

"तुमचं नाक तर सध्या टेबलावर सांडून राहिलं जी," ती म्हणाली.

ते उठले. दुसऱ्या दिवशी चिचगडचं नवं पोतं मॉलमध्ये गेलं आणि वळकट्या उभ्या राहिल्या. शेफ पोरगा भला होता. पुढं तो सुट्टीच्या दिवशी आमच्या चुलीजवळ येऊन बसायचा, शिकायला. ते रेस्टॉरंट दीडेक वर्षांनी बंद पडलं ते त्याच्यामुळं नाही. लोकांना कारंज्याजवळ बसून मोठ्यानं बोलता येत नव्हतं. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे.

मुनीमजी विचारायला आले त्या दिवशी त्यांना भाताचा वास येत नव्हता असं नाही. हंडा बाजूलाच होता, झाकण उघडं. त्यांनी एकदा तिकडे पाहिलंही. पण मागितला नाही.

* * *

ताकादा साहेब शेवटचा आला तेव्हा डोकं पूर्ण पांढरं झालं होतं. मोडकं हिंदी बोलायला शिकला होता. म्हणाला, अब काम खतम, अब घर. नव्या तांदळाचेच दिवस होते. सेवंतानं भात टाकला. तो नेहमीसारखा जेवला, दाणा शिल्लक नाही. मग उठला, चुलीच्या खोलीच्या दाराशी गेला, बूट काढले, आणि सेवंतासमोर कमरेत वाकला. वाकला तो वाकलाच. वर यायचं नाव नाही.

सेवंताच्या हातात झारा. ती खाली फरशीवर इकडंतिकडं पाहू लागली. "का सांडलं जी?"

मी म्हटलं, अवो, तुले नमस्कार करून राहिला तो.

तिला काय करावं सुचेना. झारा ठेवून तीही वाकली. साहेब वर आला तर ही वाकलेली, म्हणून तो पुन्हा वाकला. असं दोन-तीनदा झालं. शेवटी मीच म्हटलं, पुरे आता, भात करपंल.

साहेब म्हणाला, "मेरा माँ. ऐसा चावल."

सेवंता म्हणाली, "तुमच्या मायलेबी सासू बोलली असन."

हे त्याला कळलं नाही, पण त्यानं "हाय" म्हटलं. मी दाराकडे पाहिलं. मुनीमजी बाकड्यावरून उठून उभे होते. त्यांनी टोपी काढली, हातातल्या टोपीकडे पाहिलं, परत घातली आणि साहेबाची बॅग उचलून चालू लागले. पोत्याजवळ थांबले नाहीत.

* * *

त्याच वर्षी मुनीमजीही मिलमधून मोकळे झाले. साहेब नाही, मिल नाही, तर आमच्याकडे यायचं कारण नाही. दोन वर्षं दिसले नाहीत.

आमच्याकडे मात्र गर्दी वाढतच गेली. मॉलमधलं बंद पडलं, तिथली पोरंही इकडंच. दिवाळीनंतर नव्या तांदळाचा पहिला रविवार असला की ओट्यावर, पायरीवर, रस्त्यावर माणसं. भांडणं नकोत म्हणून मी नंबराच्या चिठ्ठ्या देऊ लागलो. त्या दिवशी सेवंता मधून मधून बाहेर येते, माणसं मोजते आणि आत जाऊन तांदूळ घालते.

अशाच एका रविवारी, भर दुपारी, एक सायकलरिक्षा येऊन थांबली. मुनीमजी उतरले. काठी आली होती हातात, बाकी टोपी-धोतर तसंच. बाटली नव्हती. पोरांच्या गर्दीतून वाट काढत ते पायरीपर्यंत आले. सेवंता दारातच उभी होती, माणसं मोजत.

ते म्हणाले, "बाई, भात मिळेल काय?"

मराठीत म्हणाले. आम्हालाच नाही, मागच्या पोरांनाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

मी गल्ल्यावरून उठलो. पुढचं टेबल रिकामं करायला सांगणार होतो. हातवारे करून सेवंताला खुणावलंही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मिळंल जी. किती पानं?"

"दोन." त्यांनी मागं काठी केली. रिक्षात त्यांची बायको बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर हात. एवढ्या वर्षांत आम्ही तिला पाहिली नव्हती. "ती रिक्षात आहे. आत आली तर चालेल काय?"

सेवंतानं रिक्षाकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या माणसांवरून बोट फिरवत मोजलं.

"चालंल. पन पुढं अकरा जन हायेत."

सत्तरी ओलांडलेला माणूस, भर उन्हात! पण ह्या कामात माझं चालत नाही. मी बारा नंबरची चिठ्ठी फाडली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट वाचली. मग रिक्षाजवळ जाऊन बायकोला हात देऊन उतरवलं आणि दोघं ओट्यावर येऊन बसले, दोन कॉलेजच्या पोरांच्या मध्ये.

त्यातला एक पोरगा उठून उभा राहिला. पहिला नंबर त्याचाच होता. चिठ्ठी पुढं करून म्हणाला, "दादाजी, आप पहले जाइए."

मुनीमजींनी त्याचा हात हळूच मागं सारला.

"नहीं बेटा. नंबर से."